दैनंदिन नेतृत्व आणि व्यक्तित्वविकास : ‘स्मृतिचित्रे’चा ख्रिस्ती दृष्टिकोनातून विचार

प्रास्ताविक :
लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले. मराठी समीक्षेने त्यातील विनोद, निर्मळ निवेदन आणि बोलीचा गोडवा यांचे भरभरून कौतुक केले आहे. ख्रिस्ती वाचकांनी ते प्रामुख्याने धर्मांतराची कथा म्हणून वाचले. या दोन्ही वाचनांत एक प्रश्न मागे पडतो. कोणतेही पद, शिक्षण किंवा अधिकार हाती नसलेली स्त्री आपल्या परिसराला वळण कसे लावते? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाच्या अनुषंगाने या ग्रंथाचा विचार केला आहे.

विकासाची क्रमिकता :
नाशिकजवळच्या जलालपूर येथे लक्ष्मीबाईंचा जन्म झाला. वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाजारातून आलेले मीठही धुतले जाई. अशा घरातून आलेल्या स्त्रीचा पती, कवी नारायण वामन टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा मात्र १९०० मधला. मधल्या पाच वर्षांत ताटातूट आहे, अपमान आहे आणि पुन्हा एकत्र आल्यावरही वेगळा ठेवलेला स्वयंपाक आहे. येथे लक्षणीय बाब अशी, की त्यांनी जातिभेद आधी सोडला आणि धर्म नंतर स्वीकारला. भेद देवाने केले की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला व त्याचे उत्तरही स्वतःच शोधले. ख्रिस्ती विचारात पश्चात्ताप म्हणजे केवळ खेद नव्हे, तर मनाचे परिवर्तन होय. ते परिवर्तन येथे एका क्षणाच्या साक्षात्काराने न घडता पाण्याच्या भांड्यापाशी, चुलीपाशी हळूहळू घडताना दिसते.

सेवा हेच नेतृत्व :
योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांचे पाय धुतो. गुरूने सेवकाचे काम पत्करावे, हा ख्रिस्ती नेतृत्वकल्पनेचा गाभा होय. लक्ष्मीबाईंनी त्याचे विवेचन कोठेही केलेले नाही; त्यांच्या वागण्यातून मात्र ते प्रकट होते. प्लेगच्या दिवसांत त्या आजाऱ्यांच्या शुश्रूषेला उभ्या राहतात. अनाथ मुलांना घरात घेतात. बालकवी ठोमरे यांच्यासारख्या तरुण कवीला त्यांच्या घरी आसरा मिळतो. टिळक हातातले देऊन मोकळे होत. उद्याच्या धान्याची चिंता लक्ष्मीबाईंना वाहावी लागे. म्हणजेच एकाच्या उदारतेचा भार दुसरीच्या व्यवहारबुद्धीने पेलला. टिळकांच्या मृत्यूनंतर (१९१९) त्यांचे अपूर्ण ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पुढे नेण्याचे कामही त्यांनी हाती घेतले व त्याचा बहुतांश भाग स्वतः रचला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या स्त्रीच्या बाबतीत ही वाढ असाधारण म्हणावी लागेल.

मर्यादा :
तथापि या ग्रंथाचा आदर्श म्हणून स्वीकार करताना सावध राहणे आवश्यक आहे. लक्ष्मीबाईंचा विनोद अनेक ठिकाणी वेदनेवर पांघरूण घालतो. पतीचा कोप, अचानक घर सोडून जाणे, पत्नीला न विचारता घेतलेले निर्णय हे सारे हसत सांगितले गेल्यामुळे वाचकही हसून पुढे जातो. त्यागाचे मोल एकट्या स्त्रीनेच द्यावे, असा अर्थ यातून काढला गेल्यास सेवा आणि सक्ती यांतील सीमारेषा पुसली जाईल. पाय धुण्याचे महत्त्व ते स्वेच्छेने केले यात आहे. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत धर्माचा निर्णय स्वेच्छेचा होता, संसारातील अनेक निर्णय मात्र नव्हते. ग्रंथकर्त्रीने हा भेद मांडला नसला, तरी समीक्षेने तो मांडला पाहिजे.

समारोप :
आज नेतृत्वाची चर्चा प्रामुख्याने पद, प्रशिक्षण आणि यश यांच्या भाषेत होते. या पार्श्वभूमीवर ‘स्मृतिचित्रे’ वेगळा निकष पुढे ठेवते : आपल्या सहवासात आलेला माणूस मोठा झाला काय? या निकषावर लक्ष्मीबाई निःसंशय नेत्या ठरतात. मात्र त्यांना केवळ सोशिक पत्नी म्हणून गौरविणे म्हणजे त्यांच्या स्वतंत्र विचारशक्तीवर अन्याय करणे होय.