वीस डिसेंबरचा मालोया

मालोया हे हिंदी महासागरातल्या रेयूनियों बेटाचे लोकसंगीत. त्यात गाणे, ताल आणि नाच एकजीव झालेले असतात. मादागास्करच्या पूर्वेला, मॉरिशसपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर असलेले हे ज्वालामुखीचे बेट आजही फ्रान्सचा भाग आहे. तिथे दर वर्षी २० डिसेंबरला गुलामगिरीच्या अंताचा स्मरणदिन पाळला जातो, आणि मालोयाशिवाय तो दिवस पार पडत नाही. या दिवसाची आठवण सरकारदरबारापेक्षा या संगीतानेच अधिक निष्ठेने जपली.

सतराव्या शतकात फ्रेंचांनी वसाहत केली तेव्हा बेटाचे नाव बुर्बों होते. आधी कॉफीच्या आणि पुढे उसाच्या मळ्यांसाठी मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून माणसे धरून आणली गेली. काही गुलाम हिंदुस्थानातलेही होते. १७२३ च्या राजाज्ञेने गुलाम ही मालकाची जंगम मालमत्ता ठरली. जे पळाले ते बेटाच्या मधोमध असलेल्या उंच कड्यांच्या आड जाऊन राहिले. माफात, सिलाओस या तिथल्या दऱ्यांची मालागासी, म्हणजे मादागास्करच्या भाषेतली, नावे त्यांचीच खूण आहे. फ्रेंच क्रांतीने १७९४ मध्ये गुलामगिरी रद्द केली खरी, पण मळेवाल्यांनी तो हुकूम इथे लागूच होऊ दिला नाही. १८११ मध्ये सँ-लेऊ भागात गुलामांनी उठाव केला आणि तो निर्दयपणे मोडला गेला. पोरवयातला गुलाम एदमों आल्बियुस याने १८४१ मध्ये व्हॅनिलाच्या फुलाचे हाताने परागीकरण करण्याची युक्ती शोधली. त्यातून बेटाला मोठे उत्पन्न मिळाले, पण तो स्वतः आणखी सात वर्षे गुलामच राहिला.

२७ एप्रिल १८४८ रोजी पॅरिसमध्ये, व्हिक्टर शेलशेर यांच्या प्रयत्नांमुळे, फ्रेंच वसाहतींतली गुलामगिरी संपवणारा हुकूम निघाला. तो घेऊन सार्दा गारिगा हे प्रजासत्ताकाचे आयुक्त ऑक्टोबरमध्ये बेटावर उतरले. ऊसतोड संपेपर्यंत थांबावे, असा मळेवाल्यांचा आग्रह होता. गारिगांनी तारीख हलवली नाही. २० डिसेंबर १८४८ रोजी साठ हजारांहून अधिक माणसे मुक्त झाली, म्हणजे बेटावरची निम्म्याहून जास्त वस्ती. मात्र स्वातंत्र्याआधी प्रत्येकाने कुणातरी मालकाशी कामाचा करार केलाच पाहिजे, अशी अट होती. आडनाव नसलेल्या या माणसांना नोंदवहीत आडनावे मिळाली, तीही कारकुनांच्या मर्जीने. पुढे मळ्यांवर प्रामुख्याने तमिळ मुलखातले मजूर कराराने आणले गेले.

या साऱ्या काळात मालोया रात्री गायला जात होता. शब्द मालागासी मुळाचा मानला जातो. जुन्या लेखनात या नाचगाण्याला सेगा म्हटलेले आढळते. युरोपीय वाद्यांसह दिवाणखान्यात शिरलेल्या प्रकाराकडे ते नाव राहिले आणि मळ्यावरचे मूळ रूप मालोया म्हणून ओळखले जाऊ लागले. एक गायक क्रिओल भाषेत ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात, आणि त्या देवाणघेवाणीत गाणे चढत जाते. ताल सहा मात्रांचा, मोजणीने दादऱ्याच्या जवळचा, वजनाने मात्र अगदी वेगळा. नाचणारे समोरासमोर येतात, झुलतात, पण एकमेकांना स्पर्श करत नाहीत.

वाद्ये पाहिली की हे संगीत कुठल्या मातीतले ते लगेच कळते. रुलेर हा पिंपाला गाईचे कातडे ताणून केलेला मोठा ढोल. वादक त्यावर घोड्यावर बसल्यासारखा बसतो आणि दोन्ही हातांनी वाजवतो. पिकेर म्हणजे काठ्यांनी बडवायचा बांबू, साती म्हणजे पत्र्याचा डबा, बोब म्हणजे भोपळा लावलेले एकतारी धनुष्य. या सगळ्यांत कायांब विशेष. उसाच्या तुऱ्याचे सरळ दांडे शेजारी शेजारी बांधून चपटी पेटी करतात आणि तिच्यात कर्दळीच्या कठीण बिया घालतात. दोन्ही हातांत धरून ती डोलवली की पावसाच्या सरीसारखा आवाज येतो. ज्या उसाने माणसे पिळून काढली, त्याच्याच टाकाऊ तुऱ्यातून त्यांनी हे वाद्य घडवले. हिंदी महासागरातल्या लोकवाद्यांत इतके अर्थपूर्ण वाद्य क्वचितच असेल.

मालोयाचा गाभा धार्मिक आहे. सेर्व्हिस काबारे या रात्रभराच्या विधीत पितरांना बोलावले जाते, नैवेद्य दाखवला जातो आणि गाण्यातूनच त्यांच्याशी बोलले जाते. मृतांना असे मानाने घरी बोलावणे कोकणातल्या वाचकाला परके वाटणार नाही. तमिळ मजुरांच्या वंशजांनीही हे संगीत आपले मानले. साखर कारखान्यात काम केलेला थोर गायक ग्रामून लेले याच्या घराण्यात मालागासी आणि तमिळ अशी दोन्ही मुळे होती.

१९४६ मध्ये बेट फ्रान्सचा जिल्हा झाले आणि फ्रेंच भाषा-संस्कृतीत विरघळून जाणे हीच प्रगती मानली जाऊ लागली. क्रिओल बोली आणि मालोया मागास ठरले. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या रेयूनियों कम्युनिस्ट पक्षाने मालोयाला सभांच्या मंचावर आणले, तेव्हा अधिकाऱ्यांचा संशय आणखी वाढला. रेडिओवर त्याला जागा नव्हती, जाहीर मैफली रोखल्या जात. २० डिसेंबरचीही तीच गत. मुक्तिदिन म्हणून त्याचा उच्चार टाळला जाई. त्या सुमारास लिची पिकते म्हणून तो लिचीचा सण म्हणून साजरा करण्याचेही प्रयत्न झाले. अशा काळात सँ-पिएरजवळच्या लीन्य पारादी वस्तीतला ऊसकामगार फिरमँ व्हिरी आपल्या कुटुंबासह मालोया गात राहिला. बेटावरच्या पुढच्या पिढ्या त्याच्या ऋणात आहेत. त्याच्याकडून प्रेरणा घेतलेला दान्येल वारो लष्करी सेवा नाकारल्याबद्दल तुरुंगात गेला, बाहेर येऊन स्वतःच्या हाताने वाद्ये बनवू लागला आणि मालोयाला जगभर घेऊन गेला.

१९८१ मध्ये फ्रान्समध्ये सत्ताबदल झाला आणि बंधने गळून पडली. १९८३ पासून २० डिसेंबर ही बेटावर अधिकृत सुट्टी आहे. लोक त्या दिवसाला फेत काफ म्हणतात. काफ म्हणजे आफ्रिकी वंशाचा माणूस. एके काळी शिवीसारखा वापरलेला शब्द आता अभिमानाने मिरवला जातो. दक्षिण गोलार्धातला तो उन्हाळा असतो आणि रस्तोरस्ती गुलमोहर फुललेला असतो. महाराष्ट्रात मे महिन्यात दिसणारे हे झाड मुळात शेजारच्या मादागास्करचे. दिवसा मिरवणुका निघतात, रात्री उघड्यावर काबार भरतात. काबार म्हणजे कुणीही येऊन गाण्यात सामील व्हावे अशी मैफल.

१ ऑक्टोबर २००९ रोजी युनेस्कोने मालोयाचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. तेव्हा बेटावर सुमारे ३०० मालोया पथकांची नोंद होती, आणि तिथल्या संगीत विद्यालयातही तो शिकवला जात होता. पितरांचे विधी कमी होत आहेत आणि जुने गायक एकेक करून जात आहेत, ही चिंता मात्र त्याच नोंदीत लिहिलेली आहे. मॉरिशसच्या मराठी घरांपासून हे बेट विमानाने पाऊण तासावर आहे. मॉरिशसमधल्या आणि रेयूनियोंला जाणाऱ्या मराठी रसिकांनी एकदा तरी २० डिसेंबरची रात्र साधून काबारात बसावे आणि कायांब जवळून ऐकावा.