‘माणूस’, ‘मुलगी’ आणि समान वेतन : दुकानी व्यवहारातील नामाभिधानांची चिकित्सा

कायद्यातील शब्द आणि बाजारातील शब्द यांचा अर्थ एकच असतो, असे गृहीत धरून समान वेतनाचा विचार सामान्यतः केला जातो. हे गृहीत तपासून पाहणे आवश्यक आहे, आणि ती तपासणी नागपुरात व्हावी हेही उचितच होय. विसाव्या शतकाच्या मध्यास डॉ. रघुवीर यांनी याच नगरात राहून प्रशासकीय परिभाषेचे प्रचंड कार्य केले. पुढे १९६० साली महाराष्ट्र शासनाने भाषा संचालनालयाची स्थापना केली आणि सरकारी पदांना मराठी नावे मिळत गेली. सीताबर्डीच्या किंवा इतवारीच्या दुकानातील पदाचे नाव मात्र कोणा कोशकाराने ठरविले नाही. ते पेढीच्या सोयीने रूढ झाले. आणि पगाराचा निम्मा निर्णय त्या नावातच होऊन जातो.

‘दुकानात एक माणूस ठेवला’ आणि ‘दुकानात एक मुलगी ठेवली’ ही दोन वाक्ये पाहावीत. ‘माणूस’ हा शब्द वस्तुतः उभयलिंगी जातिवाचक आहे. परंतु पहिल्या वाक्यात तो पुरुषाखेरीज कोणाचा बोध करीत नाही. ‘मुलगी’ हा वयवाचक शब्द आहे. परंतु दुसऱ्या वाक्यात तो चाळिशीच्या स्त्रीलाही लागू पडतो. पुरुषालाही ‘पोऱ्या’ म्हणतातच की, असा आक्षेप येथे संभवतो. तो खरा आहे. तथापि पोऱ्या कालांतराने ‘माणूस’ होतो आणि आणखी काही वर्षांनी ‘जुना माणूस’ होतो. ‘जुना माणूस’ या शब्दप्रयोगात अनुभव, विश्वास आणि वाढता पगार हे तिन्ही अर्थ आहेत. ‘जुनी मुलगी’ हा प्रयोग कानाला खटकतो, कारण भाषेने तशी पायरीच घडविलेली नाही. इंग्रजीतून आलेल्या ‘सेल्समन’ आणि ‘सेल्सगर्ल’ या जोडीतही हीच विषमता आहे : एक प्रौढ, दुसरी अल्पवयीन. मिळकतीसंबंधीचे वाक्प्रचारही असेच विभागलेले आहेत. पुरुष ‘घर चालवितो’, स्त्री ‘घराला हातभार लावते’. ज्याला आधीच हातभार म्हटले, त्याचे मोल पुरे द्यावयास कोण तयार होणार?

आता कायद्याची भाषा पाहू. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५१ साली समान मोबदल्याचा करार संमत केला आणि भारताने १९५८ साली त्यास अनुसमर्थन दिले. संविधानाच्या ३९ व्या अनुच्छेदात समान कामास समान वेतन हे तत्त्व होतेच. १९७५ च्या अध्यादेशानंतर १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला. त्याची कसोटी ‘तेच काम किंवा तत्सम स्वरूपाचे काम’ अशी होती. कौशल्य, श्रम आणि जबाबदारी समान असेल, आणि फरक असलाच तरी तो व्यवहारतः महत्त्वाचा नसेल, तर वेतन समान असले पाहिजे. म्हणजे कायदा कामाची तुलना करू पाहतो. दुकान तुलना करीत नाही. ते नाव देते.

नाव आणि काम यांतील हा झगडा महाराष्ट्रात एकदा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मॅकिनन मॅकेन्झी आणि कंपनी विरुद्ध ऑड्री डी’कोस्टा हा मुंबईचा खटला १९८७ साली निकालात निघाला. तो दुकानाचा नसून कचेरीचा असला, तरी प्रस्तुत विषयास तो मूलभूत आहे. त्या कंपनीत पुरुष लघुलेखक होते आणि ‘गोपनीय स्त्री लघुलेखक’ असा एक निराळा वर्ग होता. या वर्गाचे वेतन कमी होते. हा वर्गच वेगळा आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. पहिल्या अधिकाऱ्याने काम सारखेच असल्याचे मान्य करूनही तक्रार फेटाळली. अपिलात ती मान्य झाली. सर्वोच्च न्यायालयाने शेवटी असे मत दिले की, त्या जागी केवळ स्त्रिया आहेत, याचे कारण व्यवस्थापनाने त्यांना तेथे नेमले हेच होय. अशा प्रथेच्या आधारे त्यांना समान वेतन नाकारता येत नाही. कामगार संघाशी झालेला समझोता किंवा आर्थिक असमर्थता या सबबीही न्यायालयाने स्वीकारल्या नाहीत. भाषिक दृष्ट्या या निकालाचे सार असे की, पदनाम हा पुरावा नव्हे. पदनामच तपासणीचा विषय आहे.

हे तत्त्व दुकानास लावू जाता अडचण निर्माण होते. कचेरीत निदान दोन्ही वर्ग ‘लघुलेखक’ तरी होते. दुकानात एकाला ‘स्टोअर’, दुसरीला ‘काउंटर’ असे म्हटले की समान नामही उरत नाही. ही अडचण केवळ येथली नाही. इंग्लंडमध्ये ॲस्डा या दुकानसाखळीतील विक्रीच्या जागी काम करणाऱ्या, बहुतांशी स्त्रिया असलेल्या कर्मचाऱ्यांनी गोदामातील बहुतांशी पुरुष असलेल्या कर्मचाऱ्यांशी आपली तुलना व्हावी, अशी मागणी केली. २०२१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने एवढेच ठरविले की ही तुलना करता येते. दोन्ही कामांचे मोल समान आहे किंवा नाही, हा प्रश्न त्यापुढचा होता. तुलनेचा दरवाजा उघडण्यासाठीच एवढा खटाटोप करावा लागतो, हे ध्यानात घ्यावे.

भारतात २०१९ च्या वेतन संहितेने समान वेतनाचा विषय आपल्यात समाविष्ट केला. ही संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. तिच्या व्याख्येत कौशल्य, श्रम आणि जबाबदारी यांच्या जोडीस ‘अनुभव’ हा शब्द आला आहे. शब्द निरुपद्रवी दिसतो. परंतु बाळंतपणाने किंवा घरच्या आजारपणाने ज्या स्त्रीची नोकरी खंडित झाली, आणि जी परतल्यावर पुन्हा ‘नवीन मुलगी’ ठरली, तिच्या बाबतीत हा शब्द कोणाच्या बाजूने बोलेल, याचा विचार अर्थ लावणाऱ्यांनी करावयास हवा.

राहता राहिला तक्रारीनंतरचा भाग. १९७६ च्या कायद्यात नोंदवह्या होत्या, दंड होता. तक्रार करणारीला संरक्षण देणारे स्वतंत्र कलम नव्हते. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांविषयीच्या अधिनियमाने मात्र सूडापोटी कामावरून काढणे आणि धोरणाच्या मिषाने दुष्ट हेतूने बदली करणे यांना अनुचित प्रथा म्हटले. राज्याच्या दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या अधिनियमानेही वेतनाप्रमाणेच बदलीच्या बाबतीत स्त्रीशी भेदभाव करण्यास मनाई केली. पण तो मुळात दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. ज्या दुकानात मालक, दोन माणसे आणि तीन मुली असतात, ते त्याच्या कक्षेबाहेर राहिले.

येथेही शब्दाचा दोष आहे. ‘सूड’ म्हटले की मन रागाचा शोध घेऊ लागते, आणि राग सिद्ध करता येत नाही. बाजारातील व्यवहार बहुधा रागाविना चालतो. पाळी बदलते, काउंटर बदलतो, सणाच्या गर्दीनंतर ‘काही दिवस घरी राहा’ असा निरोप येतो. पुढे ‘कामावरून कमी केले’ असे सांगण्यात येते. आवाज कोठेही चढत नाही. म्हणून ‘सूड’ या भावनावाचक शब्दाऐवजी ‘तक्रारीचा दंड’ असा परिणामवाचक शब्दप्रयोग अधिक उपयुक्त ठरेल. मग मालकाच्या मनात काय होते, या प्रश्नाच्या जागी तक्रारीपूर्वी काय होते आणि तक्रारीनंतर काय झाले, हा मोजता येण्याजोगा प्रश्न उभा राहील.

दुकानी मराठीत ‘हिशेब’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. हिशेब मागणे म्हणजे आपले येणे किती ते विचारणे. आणि हिशेब करून टाकणे म्हणजे राहिलेले पैसे हाती देऊन कामावरून काढणे. जी स्त्री पहिल्या अर्थाने हिशेब मागते, तिला दुसऱ्या अर्थाने तो मिळतो. समान वेतनाच्या कायद्याचे यश शेवटी याच कसोटीवर ठरेल : या शब्दाचा पहिला अर्थ उच्चारल्याने दुसरा अर्थ वाट्यास येऊ नये.