आबूची वानरे : एका शास्त्रीय ग्रंथाची भाषा

शास्त्रीय ग्रंथाकडे वाङ्मय म्हणून पाहण्याची रीत आपल्याकडे फारशी नाही. सिद्धान्त खरा की खोटा एवढे ठरले, की ग्रंथाचे काम संपले असे आपण मानतो. परंतु काही ग्रंथांत सिद्धान्ताची आणि भाषेची गाठ अशी बसलेली असते, की एकीची परीक्षा दुसऱ्यास वगळून करता येत नाही. सारा ब्लॅफर हर्डी यांचा १९७७ साली प्रसिद्ध झालेला ‘द लंगूर्स ऑफ आबू’ हा ग्रंथ या जातीचा आहे.

विषय आपल्या परिचयाचा आहे. काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या वानरांचा कळप. त्यात माद्या, पिले आणि पुष्कळदा एकच प्रौढ नर. बाहेरचा नर त्याला हुसकावून कळप ताब्यात घेतो आणि मग अंगावर पिणारी पिले मारली जातात. हा प्रकार युकिमारू सुगियामा यांनी धारवाडजवळ पाहून १९६५ साली प्रसिद्ध केला; जोधपूरच्या वानरांविषयी मोहनोत यांनी १९७१ साली तसेच लिहिले. दाटीमुळे जडलेली ही विकृती असावी, असा तर्क तेव्हा प्रचलित होता. तोच पडताळून पाहण्यासाठी हर्डी १९७१ साली आबूस गेल्या आणि वेगळेच उत्तर घेऊन परतल्या. पिलू पाजणारी मादी सहसा माजावर येत नाही. पिलू गेले की ती लवकर येते. नराचा अंमल थोड्या वर्षांचा. तेव्हा परक्याची पिले मारणाऱ्या नराला स्वतःची संतती वाढविण्यास अधिक अवकाश मिळतो, आणि निसर्गाच्या निवडीत ही प्रवृत्ती टिकून राहते.

ग्रंथाचे खरे सामर्थ्य मात्र या उपपत्तीहून त्यातील माद्यांच्या चित्रणात आहे. तोवरच्या लेखनात मादी म्हणजे नराच्या पराक्रमाची पार्श्वभूमी. येथे ती कर्ती आहे. सोल नावाची वृद्ध मादी दुसरीच्या पिलासाठी नरावर धावून जाते. गाभण मादी नव्या नराशी संग करते आणि पितृत्वाचा घोळ घालून पुढचे पिलू वाचविण्याची शक्यता निर्माण करते. येथे निरीक्षण सूक्ष्म आहे आणि लेखणीला सहानुभूतीचा स्पर्श आहे.

दोष आहे तो शब्दांत. ग्रंथाच्या उपशीर्षकातच ‘स्ट्रॅटेजी’ हा शब्द येतो आणि नवा नर ‘राज्य बळकावणारा’ ठरतो. हे मराठीत आणू पाहिले की अडचण ध्यानी येते. ‘डावपेच’ म्हटले की डाव मांडणारा कोणी मनापुढे उभा राहतो. वानर काही मनात योजीत नसतो. निवडीचा हिशेब पिढ्यांचा असतो, प्राण्याचा नव्हे. लेखिकेला हा भेद ठाऊक आहे, पण तिची वाक्ये तो वारंवार पुसून टाकतात आणि वाचकापुढे दरबारी कारस्थानाची कथा उभी राहते. आपल्या बोलीने त्या नराला ‘हुप्प्या’ म्हटले ते त्याच्या हुंकारावरून. त्याच्या अंगी हेतू चिकटविला नाही. या संयमापासून शास्त्रालाही शिकता येईल.

विरोधकांनी अन्य आक्षेप घेतले : बहुतेक मृत्यू प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते, आणि आबूची वानरे माणसांच्या सान्निध्यात राहणारी. आक्षेप योग्य होते. परंतु १९९९ साली नेपाळातील रामनगरच्या वानरांच्या डीएनएची तपासणी प्रसिद्ध झाली. पिलांवर हल्ला करणारे नर त्यांचे बाप नव्हते, असे तीत आढळले. उपपत्तीला यामुळे भक्कम आधार मिळाला. म्हणजे सिद्धान्त तगला. सदोष ठरते ती त्याची भाषा.

हा शब्दच्छल नव्हे. हत्येला ‘डावपेच’ म्हटले, की माणसाच्या क्रौर्यालाही निसर्गाची सनद मिळाल्याचा भास होतो. कारण दाखविणे म्हणजे समर्थन करणे नव्हे. पण उसने शब्द हे अंतर सहज मिटवितात. ज्या ग्रंथाने वानरीला तिचे कर्तेपण परत दिले, त्यानेच वानराच्या अंगावर राजाचा झगा चढवावा, ही त्याची उणीव होय. ग्रंथ अवश्य वाचावा. मात्र प्रत्येक क्रियापदापाशी थांबून, हे वानराने केले की लेखिकेने त्याच्यावर लादले, असे विचारीत वाचावा.