देवळाचे वाचनालय आणि लोकप्रिय पुस्तके

आमच्या देवस्थानचे एक लहानसे वाचनालय आहे. सायंकाळच्या आरतीपूर्वी तास-दीड तास ते उघडे असते. दर्शनाला आलेली मंडळी तेथे टेकतात, वृत्तपत्र चाळतात आणि जाताना एखादे पुस्तक घरी नेतात. महाजनांच्या वार्षिक सभेत पुस्तकांसाठी थोडी रक्कम मंजूर होते. यादी करण्याचे काम मात्र, आम्ही वकिली करतो आणि अधूनमधून लिहितो या दोन अपराधांपायी, आमच्या गळ्यात पडते. एरवी ती यादी कोणी वाचीत नाही. यंदा ती वाचली गेली आणि वाद झाला.

लोकांना आवडतील अशी पुस्तके मागवावीत, असे सभेचेच सांगणे होते. त्याप्रमाणे आम्ही कादंबरी, विनोद, प्रवास, आत्मचरित्र अशा सर्व प्रकारांतील खपाची आणि वाचनीय पुस्तके निवडली होती. एका वयोवृद्ध महाजनांनी त्यांतील दोन नावांवर बोट ठेवले : लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणि धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’. ते म्हणाले, “वकीलबाब, ही बाई ख्रिस्ती झाली, हे गृहस्थ बौद्ध झाले. देवाच्या पैशाने ही पुस्तके घ्यायची?”

हा प्रश्न हसून उडवून लावण्यासारखा नाही. सोळाव्या शतकात ज्या समाजाला आपले देव उचलून नदीपार अंत्रुज महालात न्यावे लागले, त्या समाजाच्या मनात धर्मांतर या शब्दाची एक जुनी जखम आहे. तिचा मान राखूनच उत्तर दिले पाहिजे. त्यासाठी आधी लोकप्रिय पुस्तक वाचनीय केव्हा ठरते, याची काहीतरी कसोटी हवी.

पुस्तक फार खपते म्हणून ते उथळ, असे विद्वान मानतात. फार खपते म्हणून ते चांगले, असे विक्रेते मानतात. दोन्ही पक्षांचा युक्तिवाद सारखाच लंगडा आहे. आम्हाला आमच्या व्यवसायातील एक कसोटी अधिक उपयोगी वाटते. मृत व्यक्तीने हयातीत स्वतःच्याच आर्थिक हिताला बाधक असे विधान केलेले असेल, तर न्यायालय ते पुराव्यात घेते. हे तत्त्व १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होते आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. त्यामागचा विचार साधा आहे : स्वतःचे नुकसान व्हावे म्हणून सहसा कोणी खोटे बोलत नाही. ग्रंथांनाही हाच न्याय लावून पाहावा. लेखक स्वतःविरुद्ध, स्वतःच्या लाडक्या पात्राविरुद्ध, स्वतःच्या पक्षाविरुद्ध काही बोलतो काय? बोलत असेल, तर त्याच्या उरलेल्या साक्षीवरही आमचा विश्वास बसतो.

या कसोटीला उत्तम उतरणारे पुस्तक म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक. घरावर कर्ज होते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता आली आणि दक्षिणेच्या आशेने १८५७ साली हे आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. वाटेत बंड गाठ पडले. १८५८ साली इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा भटजी शहरातच होते. झाशी पडल्यानंतरची कत्तल, लूट आणि तेथल्या नामांकित ग्रंथसंग्रहाची झालेली धूळधाण त्यांनी लिहून ठेवली आहे. या वृत्तांतात ते स्वतःला वीर म्हणवून घेत नाहीत. आपण पैशासाठी निघालो, भ्यालो, लपलो, उपाशी राहिलो, लुटले गेलो, हे सारे ते सरळ सांगतात. म्हणूनच हाच माणूस राणी लक्ष्मीबाईंच्या धैर्याविषयी जेव्हा लिहितो, तेव्हा ते भाटाचे स्तवन वाटत नाही. स्वतःचे भय ज्याने लपविले नाही, तो दुसऱ्याचे शौर्य वाढवून कशाला सांगेल? शेवटी भटजी द्रव्याऐवजी गंगेची कावड घेऊन घरी परतले. चिंतामणराव वैद्यांनी हा वृत्तांत १९०७ साली संस्कार करून छापला. १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखिताबरहुकूम प्रसिद्ध केला. अस्सल आणि नक्कल यांतील भेद जाणणाऱ्या वाचकाने दुसरी प्रत मागावी.

आता कादंबरीकडे वळू. आमच्या वाचनालयात सर्वांत फाटलेली पुस्तके दोन : रणजित देसाईंची ‘स्वामी’ (१९६२) आणि शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७). पुस्तक फाटणे हा वाचकांनी दिलेला निकाल आहे आणि तो आम्हाला मान्य आहे. बेळगावपासून जवळच असलेल्या कोवाडच्या देसाईंनी थोरल्या माधवरावांचे अल्पायुष्य आणि रमाबाईंची सोबत अशा आर्जवाने रंगविली आहे, की इतिहासाला कंटाळणारा मुलगाही पुस्तक खाली ठेवीत नाही. आमची तक्रार लेखकाविषयी नाही, वाचकाविषयी आहे. कादंबरीतील संवाद हा इतिहास समजून आमचे तरुण वादसभांत फेकतात. वकिलाचे भाषण कितीही प्रभावी असले तरी तो पुरावा नव्हे, हे न्यायालय जाणते; वाचकानेही ते जाणावे.

‘मृत्युंजय’ची गोष्ट याहून मनोरंजक आहे. येथे कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण हे आळीपाळीने आपापली हकिकत सांगतात. म्हणजे रचनाच मुळी साक्षीदारांच्या जबान्यांची आहे. परंतु सहाही साक्षीदार अखेर एकाच पक्षाचे आहेत! उलटतपासणीला कोणी उभा राहत नाही. कर्णाच्या दुःखाने आपण गहिवरतो आणि द्यूतसभेत द्रौपदीला उद्देशून याच कर्णाने काय उच्चारले होते, याचा जाब विचारण्याचे भान राहत नाही. गंमत अशी, की त्याच १९६७ साली इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ प्रसिद्ध झाले. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या संशोधित आवृत्तीचा आधार घेऊन बाईंनी भीष्म, गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण, अगदी श्रीकृष्णालाही एकेक करून पिंजऱ्यात उभे केले. कोणालाही सवलत दिली नाही आणि कोणाचा अपमानही केला नाही. या निबंधांना पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. परंतु आमच्या वाचनालयातील प्रत अद्याप कोरी आहे. आमची सूचना अशी, की जो ‘मृत्युंजय’ मागेल त्याच्या हाती ग्रंथपालाने ‘युगान्त’ही ठेवावे. एक पुस्तक माणसावर प्रेम करायला शिकवते, दुसरे त्या प्रेमाचा हिशेब मागते. महाभारत समजण्यास दोन्ही लागतात.

विनोदी वाङ्मय देवळात नको, असे कोणी म्हटले नाही, हे आमच्या सभेचे भाग्य. बडोद्याच्या महाविद्यालयात पाली शिकविणाऱ्या चिं. वि. जोशींनी निर्माण केलेला चिमणराव आमच्या यादीत होता. तो स्वतःच निवेदक आणि स्वतःच फजितीचा धनी आहे. दुसऱ्यावर हसणारी पुस्तके पुष्कळ असतात आणि ती लवकर शिळी होतात. आपली हौस, आपला भित्रेपणा आणि आपली मध्यमवर्गीय प्रतिष्ठा यांची पुरचुंडी सोडून दाखविणारा चिमणराव आजही ताजा वाटतो, याचे कारण आमच्या कसोटीतच आहे : त्याची सारी साक्ष स्वतःविरुद्ध आहे.

आता त्या दोन आक्षेपार्ह पुस्तकांविषयी.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. लेखिका जुन्या कर्मठ घरातली. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा या बाईवर जे संकट कोसळले, ते त्यांनी जसेच्या तसे सांगितले आहे. आपण तेव्हा किती सोवळ्या होतो, जातीचा अभिमान कसा हाडीमाशी खिळला होता, तो एकेक पायरीने कसा सुटला, यांतले काही त्या झाकून ठेवीत नाहीत. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० साली. म्हणजे मधली पाच वर्षे ही एका मनाची दीर्घ सुनावणी होती. नव्या धर्माचा डंका वाजविण्याची येथे सहज संधी होती. ती त्यांनी घेतली नाही. ज्या पतीपाठोपाठ त्या गेल्या, त्याचा तापट स्वभाव, त्याचे बेहिशेबी औदार्य, त्यापायी घराची झालेली ओढाताण त्या हसत हसत सांगतात. आणि सोडलेल्या घराविषयी कोठेही विखार नाही. धर्मप्रसाराचे पुस्तक असे नसते. परित्यक्तेच्या अवस्थेत एका हिंदू बाईला आप्तांनी कसा आधार दिला आणि समाजाने तिला किती एकटे पाडले, याची हीच साक्ष उपलब्ध आहे. ती वाचनालयाबाहेर ठेवून आपण कोणाचे रक्षण करणार?

‘निवेदन’ (१९२४) तर गोमंतकीयांच्या घरचे. धर्मानंद १८७६ साली सांखवाळ येथे जन्मले. सांखवाळ म्हणजे ज्या गावचा लक्ष्मीनृसिंह स्थलांतर करून वेलिंगला गेला, ते गाव. एका मासिकातील लेखाने या तरुणाला बुद्धाची ओढ लागली. बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून १८९९ च्या अखेरीस तो घराबाहेर पडला; पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप असा भटकला; काशीस अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकला. पुढे सयाजीराव गायकवाडांनी त्याला आश्रय दिला आणि अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठानेही बोलाविले. परंतु ‘निवेदन’ ही यशाची कहाणी नाही. घर सोडण्यात दोष होता हे ते जाणतात. आपला आळस, नैराश्य आणि चंचलपणा ते नोंदवितात. धर्मानंद धर्म सोडून गेले असे म्हणणाऱ्याने एवढे पाहावे, की त्यांना जे हवे होते ते विद्वत्तेच्या रूपाने आपल्या गावात कोणी त्यांना देऊ शकले नाही. हा ठपका त्यांच्यावर नाही, आपल्यावर आहे. कदाचित म्हणूनच हे पुस्तक आपल्याला जड जाते.

कोंकणी वाचकांसाठी आम्ही दामोदर मावजो यांची ‘कार्मेलीन’ (१९८१) सुचविली होती. लेखक हिंदू, नायिका ख्रिस्ती. मुलीच्या भवितव्यासाठी ती कुवेतला घरकाम करायला जाते आणि त्याची किंमत स्वतःच्या देहामनाने मोजते. या कादंबरीला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शेजारच्या वाड्यावरील दुःख आपले म्हणून लिहिता येते, हे मावजोंनी दाखविले. ते आपले म्हणून वाचता येते, हे दाखविणे वाचकांच्या हाती आहे.

वृद्ध महाजनांच्या प्रश्नाला आमचे उत्तर एवढेच : देवापुढे आपण सारे स्वतःविरुद्ध कबुली देण्यासाठीच उभे राहतो. ‘माझे चुकले’ असे म्हणता येणे ही प्रार्थनेची पहिली पायरी आहे. मग ज्या पुस्तकांत माणसांनी ‘माझे चुकले’ असे लिहून ठेवले आहे, त्यांना देवळात जागा नसेल तर कोठे असावी? या उत्तराने त्यांचे समाधान झाले असे मात्र नाही. सभेने दोन्ही नावे राखून ठेवली असून निर्णय पुढील बैठकीत व्हायचा आहे. दरम्यान ‘स्मृतिचित्रे’ची आमच्या घरची प्रत आम्ही त्यांच्याकडे नेऊन दिली. त्यांनी ती तीन वेळा उलटीपालटी करून पाहिली, काही बोलले नाहीत, आणि ठेवून घेतली.