मडकी मोजतात, पारख मोजत नाहीत

जर्मनीतले तत्त्वज्ञ ब्युंग-चुल हान यांचं ‘द बर्नआउट सोसायटी’ मूळ जर्मनमध्ये २०१० साली आलं. आजचा माणूस मालकाच्या धाकाशिवायच स्वतःला राबवतो, हा त्यातला मुद्दा. मला तो अर्धाच पटतो.

आपल्या तेरच्या गोरोबाकाकांची कथा बघा. त्यांनी थापटण्यानं संतांची डोकी ठोकून पाहिली. नामदेवांचं मडकं कच्चं निघालं. आज एआय क्षणात ढीगभर मडकी घडवतं. ठोकून बघायचं मात्र माणसानंच, आणि चूक निघाली तर जबाबही त्यानंच द्यायचा. साहेब मडकी मोजतात, पारख मोजत नाहीत. मग मालक गेला कुठं? तो त्या मोजणीतच बसलाय. प्राणायाम जरूर करा. पण तपासणीचा वेळ आधी कामात धरायला लावा.