गोधडीच्या रंगांचा हत्ती

बालसाहित्याची समीक्षा आपल्याकडे बहुधा ‘बोधप्रद’ आणि ‘मनोरंजक’ या दोन विशेषणांत उरकली जाते. चित्रपुस्तकाच्या वाट्याला तर तेवढेही येत नाही. म्हणून डेव्हिड मकी या इंग्रज लेखक-चित्रकाराच्या ‘एल्मर’ या छोटेखानी पुस्तकाचा येथे थोडा विचार करावा, असे आम्हांस वाटते. हे पुस्तक प्रथम १९६८ साली निघाले. १९८९ च्या नव्या आवृत्तीने ते जगभर पोहोचले. मकी २०२२ मध्ये निवर्तले. त्यांची पत्नी अँग्लो-इंडियन वंशाची होती. आपल्या लेकीला एका मुलाने वर्णावरून हिणवल्याचा प्रसंग या कथेच्या मुळाशी असल्याचे मकींनी सांगितले होते.

कथा साधी आहे. करड्या हत्तींच्या कळपात एल्मर तेवढा गोधडीसारखा ठिगळाठिगळांचा, नाना रंगांचा. तो थट्टेखोर, कळपाला हसवणारा. एका रात्री आपल्या वेगळेपणाचा त्याला कंटाळा येतो. पहाटे तो गुपचूप निघतो, हत्तीच्या रंगाच्या फळांत लोळून करडा होतो आणि कळपात येऊन उभा राहतो. कोणी ओळखत नाही. सारे गंभीर, स्तब्ध. ती शांतता असह्य होऊन एल्मर अचानक मोठ्याने ओरडतो, हत्ती दचकून कोलमडतात आणि हसत सुटतात. तोच पाऊस येतो व रंग धुऊन जातो.

या पुस्तकाचे मर्म आम्हांस एका बारीक तपशिलात दिसते. जाताना वाटेवरचे प्राणी त्याला ‘एल्मर’ म्हणून नमस्कार करतात; परतताना तेच प्राणी नुसते ‘हत्ती’ म्हणतात. रंग लपवला तेव्हा नाव गेले. लेखक यावर एका शब्दाचेही भाष्य करीत नाही, हा त्याचा संयम.

अँडरसनचे कुरूप पिल्लू गदिमांच्या गीतामुळे मराठी घरांत परिचित आहे. पण ते पिल्लू अखेर राजहंस ठरते. म्हणजे ते सुंदर निघाले म्हणून त्याचे दुःख सरले. एल्मर शेवटीही ठिगळांचाच राहतो. आमच्या मते ही गोष्ट अधिक प्रामाणिक आहे.

एक आक्षेप मात्र नोंदवला पाहिजे. एल्मर कळपाला प्रिय आहे तो हसवतो म्हणून. जे वेगळे मूल अबोल आहे, त्याने काय करावे? या प्रश्नाला पुस्तकात उत्तर नाही. वेगळेपणाचे मोल विनोदाने चुकवावे, असा अर्थ मुलांनी काढू नये, याची काळजी वाचून दाखवणाऱ्याने घ्यावी.

आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या कुटुंबांना ही कथा परकी वाटू नये. इंदूरच्या शाळेत मूल आपली मराठी दडवते. सुट्टीत पुण्याला गेले की ‘येऊन राहिलो’ म्हणताच भावंडे हसतात, म्हणून तेथे ते आपले इंदूरपण दडवते. दोन्हीकडे करडा रंग फासायचा, आणि दोन्हीकडे नाव गमवायचे.

कथेच्या अखेरीस कळप ठरवतो की, वर्षातून एक दिवस साऱ्यांनी रंगीबेरंगी व्हावे आणि एल्मरने करडे. चित्रांत ती मिरवणूक मोठी बहारदार दिसते. परंतु उरलेले दिवस कळप करडाच राहणार, ही खोच प्रौढ वाचकाला जाणवल्यावाचून राहत नाही. आपणही २७ फेब्रुवारीला मराठीचा गौरव करतो; दुसऱ्या दिवशी घरात नातवंडांशी कोणत्या भाषेत बोलतो, हे ज्याचे त्याने पाहावे. एल्मर त्या एका दिवसावर जगत नाही. उरलेले सारे दिवस तो आपल्याच ठिगळांत वावरतो. नातवंडांना हे पुस्तक अवश्य वाचून दाखवावे, आणि तेही आपापल्या घरच्या मराठीत.