तहरीफ : वाचकावरचा आरोप की ग्रंथावरचा?

यहुदी व ख्रिस्ती धर्मग्रंथांकडे आरंभीच्या मुसलमानांनी कोणत्या दृष्टीने पाहिले, या प्रश्नाचे उत्तर बहुधा एकाच शब्दात दिले जाते : तहरीफ, म्हणजे धर्मवचनाचा विपर्यास. मग त्या शब्दाचे दोन कप्पे पाडले जातात. मूळ शब्दच बदलले असतील तर ती शब्दाची तहरीफ. शब्द तसेच ठेवून आशय फिरवला असेल तर ती अर्थाची. ही विभागणी उत्तरकालीन वादविवादांना सोयीची ठरली. परंतु पहिल्या दोन शतकांच्या परंपरेला ती लावू गेल्यास त्या परंपरेचा सर्वांत बोलका भाग दोन्ही कप्प्यांबाहेर राहतो.

'ह-र-फ' या धातूत कड, काठ, कलणे हे अर्थ आहेत. अक्षर या अर्थाचा 'हर्फ' हा शब्दही त्याच कुळातला. कुराणात विपर्यासवाचक क्रियापद चार ठिकाणी येते (२:७५, ४:४६, ५:१३, ५:४१). त्यांपैकी तीन ठिकाणी शब्द आपल्या जागेवरून हलवण्याची भाषा आहे, आणि ४:४६ मध्ये जोडीला जी उदाहरणे येतात ती लेखणीची नसून जिभेची आहेत.

५:४१ च्या संदर्भात सांगितली जाणारी कथा याहून स्पष्ट आहे. व्यभिचाराच्या एका प्रकरणात तौरात मागवली जाते. वाचणारा दगडमाराच्या शिक्षेच्या वचनावर हात ठेवतो आणि मागचेपुढचे तेवढे वाचतो. यहुदी धर्म सोडून आलेले अब्दुल्ला बिन सलाम तो हात दूर करवतात, आणि वचन तेथेच असते. हाताखाली ग्रंथ शाबूत आहे, यावरच कथेचा सारा भार आहे. येथे अक्षर बदललेले नाही, अर्थही फिरवलेला नाही. जे वाचावयाचे ते वाचले गेले नाही, इतकेच. आरोप आहे तो वाचकावर.

गॉर्डन निकेल यांनी २०११ च्या ग्रंथात मुकातिल बिन सुलेमान (मृत्यू ७६७) व तबरी (मृत्यू ९२३) यांची भाष्ये तपासून हेच दाखवले आहे की, त्यांच्या लेखी विपर्यास म्हणजे मुख्यत्वे लपवणे, चुकीचे उच्चारणे, आज्ञा मोडणे. हा निष्कर्ष ग्राह्य आहे. तथापि त्यावरून ग्रंथ बिघडवल्याचा आरोप सर्वस्वी मागाहूनचा ठरत नाही. कुराणातच (२:७९) स्वहस्ते लिहून ते ईश्वराचे म्हणणाऱ्यांचा धिक्कार आहे, आणि बुखारीच्या संग्रहात इब्न अब्बासच्या नावावर असलेले निवेदन ग्रंथधारकांनी आपले ग्रंथ हाताने बदलले असे स्पष्ट सांगते. त्याच संग्रहात ग्रंथधारकांना खरेही मानू नका, खोटेही ठरवू नका, असाही आदेश आहे. या परंपरेत एकवाक्यता शोधणे व्यर्थ होय.

सिद्धान्त बाजूस ठेवून प्रत्यक्ष व्यवहार पाहू गेल्यास इब्न इसहाकने (मृत्यू सु. ७६७) घेतलेला योहानाच्या शुभवर्तमानातील उतारा (१५:२३ ते १६:१) मोलाचा ठरतो. तो इब्न हिशामच्या (मृत्यू सु. ८३३) संस्करणातून उपलब्ध आहे. त्यात ग्रीक 'पाराक्लेतोस'च्या जागी 'मुनहमन्ना' हा शब्द येतो. प्रचलित सिरियाक भाषांतरात, म्हणजे पेशित्तात, ग्रीक शब्दच रूढ आहे. 'मनह्हमाना' हे रूप आढळते ते पॅलेस्टाइनच्या ख्रिस्ती अरमाईकमधील पाठात. तेथे या धातूचा अर्थ सांत्वन करणे. अभिजात सिरियाकमध्ये मात्र तोच धातू मृताला उठवणे या अर्थी येतो. उताऱ्याचे उगमस्थान त्यामुळे बरेच निश्चित होते. आणखी एक खूण आहे. विनाकारण केलेल्या द्वेषासाठी 'मज्जानन्' हा शब्द योजलेला आहे. अरबीत त्याचा सरळ अर्थ फुकट. तो अरमाईक 'मग्गान'चा जसाच्या तसा उतारा असल्याने संकलकाला लागलीच पर्यायी शब्द द्यावा लागला. ही मौखिक ऐकीव माहिती नव्हे. येथे लिखित भाषांतर समोर आहे, आणि त्याचा कर्ता म्हणून योहानाचे नावही आहे.

परंतु याच उताऱ्यात मुळातील 'पिता' सर्वत्र 'प्रभू' झाला आहे, आणि सांत्वनकर्त्याला पाठवणारा येशू नसून ईश्वर आहे. त्यानंतर 'मुनहमन्ना' म्हणजेच मुहंमद असा खुलासा येतो. धातू मात्र दोन : एक न-ह-म, दुसरा ह-म-द. या फेरफाराला लबाडी म्हणणे सोपे आहे. पण ज्याला ग्रंथच भ्रष्ट वाटतो तो त्यात आपल्या प्रेषिताची साक्ष शोधत बसत नाही. इब्न इसहाकला शुभवर्तमान हवे होते, पितापुत्रसंबंध नको होता. विश्वास आणि दुरुस्ती एकाच वाक्यात नांदतात, आणि नेमके हेच दोन कप्प्यांच्या विभागणीत मावत नाही.

पुढे अंदलुसमध्ये इब्न हज्म (मृत्यू १०६४) तौरात हाती घेतो तेव्हा दृष्टी पालटलेली आहे. त्याला साक्ष नको आहे, विसंगती हवी आहे. मिसर देशातील वास्तव्य चारशे वर्षांचे सांगितले आहे, म्हणून तो आयुष्ये जुळवतो : कहाथ १३३, अम्राम १३७, निर्गमनाच्या वेळी मोशे ८०, एकूण ३५०. कहाथ मिसरात आला त्या वर्षीच जन्मला आणि प्रत्येकाला पुत्र आयुष्याच्या अखेरच्या वर्षी झाला असे धरूनही ५० वर्षे कमी पडतात. या बेरजेत कोणी वाचक नाही, हातही नाही. आरोपी म्हणून उभा आहे तो स्वतः ग्रंथ.